हेडमधला अर्धा इंच

मारुती ८००चे जुने, कार्ब्युरेटरवाले (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे साधे उपकरण असलेले) इंजिन ७९६ घनसेंटीमीटरचे होते. त्यात तीन सिलिंडर आणि दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण सहा व्हॉल्व्ह असत, आणि त्यातून सुमारे ३७ अश्वशक्ती मिळे. पुढे त्याच गाडीत तेवढ्याच आकारमानाचे, पण दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि इंधनाचे इंजेक्शन असलेले इंजिन आले, तेव्हा हा आकडा पंचेचाळिसाच्या पुढे गेला. जिप्सीचेही तेच झाले. १२९८ घनसेंटीमीटरचे आठ व्हॉल्व्हांचे कार्ब्युरेटरवाले इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे होते, तर तेवढ्याच आकारमानाचे सोळा व्हॉल्व्हांचे इंजेक्शनवाले इंजिन ८० अश्वशक्तीचे. दोन्ही उदाहरणांत सिलिंडरांची रुंदी किंवा पिस्टनची फेरी, म्हणजे तो वर-खाली सरकतो ते अंतर, वाढलेली नाही. थोडा वाटा इंजेक्शनचा आहे, परंतु मोठा वाटा हवा आत येण्याच्या आणि जळालेला वायू बाहेर पडण्याच्या वाटेचा आहे. ही वाट ज्या ओतीव भागातून जाते, त्याला गॅरेजमध्ये ‘हेड’ म्हणतात. नवे हेड न घेता, आहे तेच हेड हाताने घासून ती वाट काही प्रमाणात मोकळी करता येते. ती कशी आणि किती, हे समजून घेण्यासाठी मारुती ८००चे सहा व्हॉल्व्हांचे हेड सोयीचे आहे, कारण ते साधे आहे, जुन्या बाजारात सहज मिळते आणि बिघडले तर फारसे हळहळावे लागत नाही. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची एकासनी गाडी उभी केली, तीही याच ८००च्या इंजिनावर.

आधी थोडे गणित करावे लागेल. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची फेरी ७२ मिलिमीटर आहे, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे २६५ घनसेंटीमीटर हवा मावायला हवी. मिनिटाला ५,५०० फेऱ्या होत असताना पिस्टन वरून खाली यायला साधारण साडेपाच सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्यात पाण्याच्या पेल्याएवढी हवा आत खेचली जावी लागते. प्रत्यक्षात ती सगळी येत नाही. साधे दोन व्हॉल्व्हांचे इंजिन जोरात फिरत असताना सिलिंडर साधारण तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भरतो. तो चार-पंचमांश भरतो असे धरले, तर या वेगाला इंजिन मिनिटाला दोन किलोहून थोडी अधिक हवा ओढते. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा एक किलो पेट्रोल जाळायला साधारण साडेबारा ते तेरा किलो हवा लागते. म्हणून मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच पेट्रोल जळू शकते, मग कार्ब्युरेटरमधून कितीही ओता. हवेशिवाय ओतलेले पेट्रोल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. ताकद वाढवायची म्हणजे पेट्रोल वाढवायचे, हा समज म्हणूनच उलटा आहे. आधी हवा वाढली पाहिजे.

हवेला वाटेत अडथळा किती होतो, हे तिच्या वेगावर ठरते, आणि तेही वर्गाच्या नियमाने, म्हणजे वेग दुप्पट झाला की नुकसान चौपट होते. समजा, हेडमधल्या वाटेचा, म्हणजे पोर्टचा व्यास २८ मिलिमीटर आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ त्याच्या सहापट असल्यामुळे ५,५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३ मीटर असला, तर पोर्टमधल्या हवेचा वेग सुमारे ८० मीटर होतो. या वेगाच्या हवेचा गतिज दाब पाण्याच्या सुमारे ३९ सेंटीमीटर उंच स्तंभाएवढा असतो, आणि पिस्टन मधल्या टप्प्यात सर्वांत वेगाने जातो त्या क्षणी त्याच्या अडीचपट होतो. वाकडे वळण, धारदार कडा किंवा अचानक रुंद होणारी जागा यांपैकी काहीही आडवे आले की यातला मोठा हिस्सा भोवऱ्यांत वाया जातो. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर मात्र हेच नुकसान पाचव्या हिश्शावर येते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीला हेडवरच्या या कामाचा फायदा जवळजवळ जाणवणार नाही. खंबाटकी घाट चढताना इंजिन ताणले जाते, तेव्हा तो जाणवेल. मायलेज वाढेल म्हणून हे काम कोणी सुचवत असेल, तर ते मनावर घेऊ नये.

हेड उतरवण्याआधी अडथळा हेडमध्येच आहे ना, हे तपासणे शहाणपणाचे असते. त्यासाठी दोन मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, थोडे रंगवलेले पाणी आणि एक फळी पुरते. नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बसवून तिचे एक टोक एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या जागेत न्यायचे, दुसरे उघडे ठेवायचे, आणि गाडी चढावर पूर्ण दाबून चालवत असताना शेजारी बसलेल्याने दोन बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते पाहायचे. फरक मोठा असेल तर दोष फिल्टरचा किंवा त्याच्या अरुंद तोंडाचा आहे, आणि तो फिल्टर बदलून किंवा तोंड मोकळे करून सुटतो. अनेकांचे काम इथेच संपते.

हेडमध्ये हवेला सर्वांत जास्त अडवणारी वस्तू म्हणजे खुद्द व्हॉल्व्ह. छत्रीच्या आकाराचा हा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा हवा त्याच्या कडेभोवतीच्या गोल फटीतून आत जाते. ही फट म्हणजे उभ्या पडद्यासारखी एक पट्टी असते, आणि तिचे क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले तो किती उघडला ती उंची. समजा, व्हॉल्व्ह ३६ मिलिमीटरचा आहे. तो तीन मिलिमीटर उघडलेला असताना हे क्षेत्रफळ ३४० चौरस मिलिमीटरही नसते, आणि त्याखालच्या गळ्याचे, म्हणजे सीटच्या आतल्या गोल तोंडाचे क्षेत्रफळ ७५० चौरस मिलिमीटर असते. व्हॉल्व्ह साडेसहा-सात मिलिमीटर उघडेपर्यंत फट गळ्यापेक्षा लहानच राहते. कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने उघडलेला व्हॉल्व्ह पूर्ण उंचीवर क्षणभरच असतो. उघडताना एकदा आणि मिटताना एकदा, असा तो कमी उंचीवरून दोनदा जातो. म्हणून सीटच्या वरचा आणि खालचा मिळून साधारण अर्धा इंच ही या कामातली सर्वांत मोलाची जागा आहे. पोर्टचे बाहेरचे तोंड, जे मॅनिफोल्ड, म्हणजे हेडला जोडलेली फाटेदार नळी, काढल्याबरोबर डोळ्यांत भरते आणि ज्यावर नवशिका पहिल्यांदा ग्राइंडर टेकवतो, ते या दृष्टीने जवळजवळ शेवटचे येते.

व्हॉल्व्ह जिथे टेकून बसतो ती सीट पोलादी कडीची असते आणि तिचा बसण्याचा चेहरा ४५ अंशांचा असतो. नुसता हा एकच चेहरा असेल तर त्याच्या वर आणि खाली दोन टोकदार कोन राहतात, आणि वेगाने आलेली हवा अशा कोनावरून वळत नाही, तुटते. वरच्या, म्हणजे सिलिंडरकडच्या बाजूला ३० अंशांचा आणि खालच्या, म्हणजे पोर्टकडच्या बाजूला ६० अंशांचा असे आणखी दोन छेद घेतले, तर हेच वळण टप्प्याटप्प्याने होते. सीट कटिंग करणाऱ्या कारागिराकडे या तीन कोनांचे कटर असतात, आणि एरवी व्हॉल्व्ह ग्राइंडिंगसाठी जो खर्च होतो त्यात थोडीच भर पडते. मधली बसण्याची पट्टी किती रुंद ठेवायची हे मात्र त्याला नीट सांगावे लागते. आत येण्याच्या व्हॉल्व्हला एक ते दीड मिलिमीटर पुरते, पण बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला दीड ते दोन हवी, कारण तापलेल्या व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता याच पट्टीतून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. पट्टी फार बारीक केली तर व्हॉल्व्ह जळतो. या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त देणारी गोष्ट हीच आहे, आणि ती हौशी माणसाने स्वतः करू नये, असे माझे मत आहे.

सीटच्या खालची वाटीसारखी जागा मात्र आपल्या हाताची आहे. कारखान्यात हेड ओतले जाते, मग कडी ठोकून बसवली जाते, मग तिच्या खाली यंत्राने एक छेद घेतला जातो. ओतीव भाग आणि यंत्राचा छेद जिथे भेटतात तिथे बहुधा एक पायरी राहते, कधी नखाला लागेल एवढी, कधी डोळ्याला दिसेल एवढी. लाखोंनी हेड काढताना प्रत्येकाची पायरी हाताने काढणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही. आपल्याला एकाच हेडवर दोन रविवार घालवायचे असतात, आणि स्वस्ताईचे सगळे रहस्य एवढेच आहे. ही पायरी काढून वाटी सीटच्या ६० अंशांच्या छेदाला सरळ मिळवून घ्यायची. गळ्याचा व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण ८५ ते ९० टक्के ठेवायचा, त्यापुढे जायचे नाही.

वाटीच्या पुढे पोर्ट वळते. वळणावर नदीचे पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते आणि आतल्या काठाशी गाळ साचतो, तसेच इथे होते. हवा पोर्टच्या बाहेरच्या, लांब बाजूने जाते आणि आतल्या, आखूड बाजूच्या वळणावर भिंत सोडून देते. ते आखूड वळण टोकदार असेल, तर तिथे भोवरा तयार होतो आणि पोर्टची जागा दिसायला असली तरी कामाची राहत नाही. तिथली धार गोल करायची, पण वळण खाली खोदायचे नाही. खोदले तर वळण आणखी तीव्र होते आणि आधीपेक्षा वाईट हेड हाती येते. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुकांमध्ये ही चूक पहिली असावी. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ते गाइड, आणि वाटीत डोकावणारा त्याच्याभोवतीचा उंचवटा समोरून आणि मागून निमुळता करता येतो, थेंबाच्या आकाराचा. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या गाइडला मात्र हात लावू नये, कारण तेही उष्णता वाहून नेते.

हत्यारे फार लागत नाहीत. विजेवर चालणारा डाय ग्राइंडर, म्हणजे हातात धरायचे वेगाने फिरणारे यंत्र, आणि त्यात बसणारा ॲल्युमिनियमसाठीचा रुंद दातांचा कार्बाइड बर, म्हणजे दातेरी टोक, घ्यावे. बारीक दातांचा बर मऊ धातूने दोन मिनिटांत भरून जातो. रुंद दातांवरही अधूनमधून मेणबत्ती घासावी लागते. गुळगुळीत करण्यासाठी महागड्या चाकांऐवजी आठ मिलिमीटरची लोखंडी सळई घेऊन तिच्या टोकाला हॅक्सॉने दोन इंच उभी चीर पाडावी, चिरेत एमरी कापडाची पट्टी अडकवून गुंडाळावी आणि सळई साध्या ड्रिलमध्ये धरावी. काम सुरू करण्याआधी गाइडमध्ये जुने, टाकाऊ व्हॉल्व्ह घालून ठेवावेत, म्हणजे हात घसरला तर सीटवर ओरखडा येत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. ॲल्युमिनियमची बारीक पूड फुप्फुसासाठी चांगली नाही, आणि ती घरातल्या मिक्सरपर्यंत पोहोचते हे घरच्यांच्या आधी आपल्याच लक्षात आलेले बरे.

आरशासारखी चकाकी हा या कामातला सर्वांत लोकप्रिय गैरसमज आहे. चकचकीत पोर्टचा फोटो छान येतो, पण कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवेबरोबर पेट्रोलचे थेंबही वाहत असतात, आणि अगदी गुळगुळीत भिंतीवर ते ओघळून पातळ थर धरतात. साठ ते ऐंशी नंबरच्या एमरीने राहणारा बारीक खरखरीतपणा तो थर मोडून थेंब पुन्हा हवेत उचलायला मदत करतो. म्हणून आत येण्याची वाट त्या नंबरवर सोडून द्यावी. बाहेर जाण्याच्या वाटेत पेट्रोल नसते, तिथे चकाकी केली तर काजळी कमी धरते, एवढाच फायदा. दुसरा गैरसमज मोठ्या पोर्टचा आहे. पोर्ट रुंद केले की हवेचा वेग कमी होतो. पिस्टन खाली पोहोचून पुन्हा वर निघाला तरी आत येणारा व्हॉल्व्ह आणखी काही अंश उघडा असतो, आणि त्या वेळात वेगाने येणारा हवेचा स्तंभ स्वतःच्या जोरावर आत घुसत राहतो. वेग गेला की हा फुकटचा हप्ता जातो, आणि कमी फेऱ्यांवर तर आत आलेली हवा मागे कार्ब्युरेटरकडे ढकलली जाते. गाडी सिग्नलवरून निघताना मेल्यासारखी वाटू लागते. म्हणून आकार सुधारायचा, माप शक्यतो तेच ठेवायचे.

किती घासायचे याला आणखी एक सक्त मर्यादा आहे. पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी खेळते, आणि ती भिंत कुठे किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही. ओतताना आतला वाळूचा गाभा थोडा सरकला, तर एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा पातळ होते. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तडा गेलेले एक निकामी हेड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत भंगाराच्या भावात मिळवावे आणि करवतीने पोर्टच्या मधोमध उभे कापावे. एका दुपारच्या मेहनतीत भिंती, वळणे आणि गाइडची जागा सगळे उघड्यावर दिसते, आणि चांगल्या हेडवर कुठे थांबायचे ते कळते.

मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यासाठी गॅस्केटचा साचा म्हणून उपयोग करतात, पण आधी ते गॅस्केट दोन्ही बाजूंना नेमके बसते का, हे पाहावे. आत येण्याच्या वाटेवर हेडचे तोंड मॅनिफोल्डपेक्षा किंचित मोठे चालते, लहान चालत नाही, कारण प्रवाहाला समोरून आडवी येणारी पायरी नको. बाहेर जाण्याच्या वाटेवर त्याच न्यायाने मॅनिफोल्डचे तोंड हेडपेक्षा मोठे असावे, आणि ती छोटी पायरी परत येणाऱ्या वायूला थोडी अडवतेही.

आता मोजमाप. एवढी मेहनत करून हवा खरोखर वाढली का, हे डोळ्यांनी कळत नाही. हॅरी वेस्लेक या इंग्रज अभियंत्याचे नाव ऑस्टिनच्या १९५१च्या ए-सीरीज इंजिनाच्या हृदयाकृती ज्वलनकक्षासाठी आजही घेतले जाते, आणि त्याची ख्याती हेडमधून जाणारी हवा मोजून काम करण्यासाठीच होती. घरगुती आवृत्तीला एक व्हॅक्युम क्लीनर, प्लायवूडची हवाबंद पेटी, सिलिंडरच्या व्यासाचा पाइपचा तुकडा आणि आधीसारख्याच दोन यू नळ्या लागतात. हेड पाइपवर बसवायचे, एका स्क्रूने व्हॉल्व्ह ठरावीक मिलिमीटर उघडून धरायचा आणि क्लीनरने हवा ओढायची. एका नळीवर हेडच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाचायचा आणि तो दर वेळी तोच ठेवायचा, आणि पेटीतल्या एका गोल भोकाच्या दोन बाजूंचा फरक दुसऱ्या नळीवर वाचायचा. प्रवाह या दुसऱ्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आधी तो १०० मिलिमीटर होता आणि घासल्यावर ११० झाला, तर हवा दहा नव्हे, पाच टक्के वाढली. खरा आकडा किती याची फिकीर करू नये. आधी आणि नंतर यांची तुलना पुरते, आणि ती दोन, चार, सहा, आठ मिलिमीटर अशा प्रत्येक उंचीवर करावी. पोर्टच्या उघड्या तोंडाभोवती मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची गोल कड लावायला विसरू नये, नाहीतर त्या धारदार कडेचाच अडथळा मोजला जातो.

हीच क्ले आणखी मोठे काम करते. घासण्याआधी पोर्टच्या एखाद्या भागात ती थापून पाहायची. जागा भरून काढल्यावरही हवा कमी झाली नाही, तर तिथे हवा जातच नव्हती, आणि तिथे घासण्यात काही अर्थ नाही. कमी झाली, तर ती जागा कामाची आहे. कापलेला धातू परत लावता येत नाही, क्ले काढता येते. माझ्या मते ग्राइंडरआधी क्ले विकत घेणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पोर्टचे घासकाम आधी, मग सीट कटिंग आणि घासायच्या खरखरीत पेस्टने व्हॉल्व्ह घासून बसवणे, आणि खालच्या पृष्ठभागाचे फेसिंग, म्हणजे तो यंत्राने सपाट करणे, शेवटी. व्हॉल्व्हांवर क्रमांक टाकावेत, कारण घासून बसवलेला प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच सीटवर परत गेला पाहिजे. स्प्रिंगा लावल्यावर हेड तिरपे धरून पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतावे, ते सीटमधून झिरपले तर पुन्हा पेस्ट. फेसिंगमध्ये किती धातू जातो त्याचाही हिशेब ठेवावा. या इंजिनाचे दाबाचे गुणोत्तर ८.७ आहे, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे साडेचौतीस घनसेंटीमीटर. पाव मिलिमीटर धातू काढला तर ती पाऊण घनसेंटीमीटरने कमी होऊन गुणोत्तर ८.९च्या जवळ जाते, ते चालते. मिलिमीटरभर काढले तर इंजिन खडखडू लागते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. शंका असेल तर पिस्टनवर क्लेची पातळ चकती ठेवून हेड कसावे, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवावे आणि मग ठसा मोजावा. शेवटी हेडची सगळी पोकळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, कारण पेस्टचा एक कणही ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत गेला तर त्याची किंमत हेडपेक्षा जास्त असते.

सीट कापल्यामुळे व्हॉल्व्ह किंचित आत बसतात, म्हणून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट, नव्याने लावावे लागतात. हवा वाढली की मिश्रण पातळ होते, आणि कार्ब्युरेटरमधला एखादा आकडा मोठा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोक, लागू शकतो. ते बदलल्यावर पीयूसीची चाचणी लगेच करून घ्यावी, आणि मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे हेही लक्षात असू द्यावे. मग गाडी रिकाम्या चढावर पूर्ण दाबून दोन-तीन मिनिटे चालवावी, तशीच इग्निशन बंद करून थांबवावी, आणि तीनही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत. दोन फिकट तपकिरी आणि एक पांढरट दिसला, तर त्या सिलिंडरला इतरांपेक्षा जास्त हवा मिळते आहे, आणि बाकीच्या दोन पोर्टांसाठी हेड पुन्हा उतरवावे लागणार आहे.